जुलैत स्कुबा मागू नका: वर्षानुवर्षं चालणाऱ्या ऑनलाइन गेमकडून किती अपेक्षा ठेवावी

दर जुलैत आमच्या होमस्टेत एक तरी पाहुणा असा येतो, जो गाडीतून उतरल्या उतरल्या मोबाइल माझ्यापुढे धरतो. त्यावर तारकर्लीचा फोटो असतो. पाणी निळंशार, वर पांढरी होडी. "हे कुठे आहे?" मी समोर हात करते. समुद्र तोच असतो, पण उकळत्या चहासारखा, आणि लाटा सुरूच्या बनाला लागलेल्या. स्कुबा कधी? जून ते ऑगस्ट बंद. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची होडी? ती पण बंद. बरं, रात्री ताजी सुरमई तरी? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद. दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून निघतो, आणि घाट चढायच्या आत आम्हाला एक स्टार मिळालेला असतो.

त्याच आठवड्यात, त्याच खोलीत कोल्हापूरचं एक निवृत्त जोडपं राहून गेलं. येतानाच रेनकोट घेऊन आले होते. दोन दिवस पागोळ्या बघत बसले, सुक्या बांगड्याची किसमूर आणि पेज मागून मागून जेवले आणि जाताना पुढच्या जुलैचं बुकिंग करून गेले. खोली तीच, गळणारी पन्हाळ तीच, स्वयंपाकाला मीच.

हे सगळं गेमच्या लेखात कशाला, असं वाटेल. सांगते.

मी २००६पासून एकच ऑनलाइन गेम खेळतेय. सोडते, परत येते. गेमचं नाव रूनस्केप. सुरुवात कुडाळच्या सायबर कॅफेत, तासाला २० रुपये. कॉलेज सुटल्यापासून मालवणची एसटी लागेपर्यंतचा वेळ. ब्राउझरमध्येच चालायचा, सीडी नको की काही नको. गेममधल्या पोर्ट सरिमच्या धक्क्यावर ३० नाणी देऊन करमजा बेटावर जायचं आणि पिंजरा लावून शेवंड पकडायचे. मालवणची पोरगी पैसे भरून कुडाळात शेवंड पकडतेय, हे बाबांना कळलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

त्यानंतरची बरीच वर्षं मी त्या गेममध्ये अगदी जुलैतल्या पाहुण्यासारखी वागले. हातात जुना फोटो आणि तोंडात तक्रार. आता तसं होत नाही, निदान क्वचित होतं. काय केलं ते लिहितेय. उदाहरणं माझ्या गेमची आहेत. तुमचा दुसरा असेल तर आकडे बदलतील, बाकी फारसं नाही.

हातातला फोटो कधीचा आहे?

गेमकडून काही मागण्याआधी त्याचा इतिहास एकदा नीट बघा. अर्धा तास लागतो. माझ्या गेमचा असा आहे: जानेवारी २००१मध्ये इंग्लंडात सुरू झाला. डिसेंबर २००७मध्ये गेममधलं सोनं खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला म्हणून कंपनीने खेळाडूंमधली मोकळी देवाणघेवाणच बंद केली. लोक चिडले, पुष्कळ जण सोडून गेले. २०११मध्ये खेळाडूंचं मत घेऊन ती परत सुरू केली. नोव्हेंबर २०१२मध्ये लढाईची पद्धत मुळापासून बदलली, आणि पुन्हा एक लोंढा बाहेर पडला. शेवटी फेब्रुवारी २०१३मध्ये कंपनीने ऑगस्ट २००७चा जुना बॅकअप शोधून तो वेगळा गेम म्हणून उघडला. तोच हा ओल्ड स्कूल रूनस्केप, जो मी आता खेळते.

हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही ज्याला "सोन्याचा काळ" म्हणतो, त्या २००७च्याच अखेरीला लोक "गेम मेला" म्हणून ओरडत होते. तुमच्या गेममध्येही असं वर्ष सापडेल.

२०१३ला जुना गेम परत उघडला तेव्हा मी धावत गेले. लग्न होऊन मालवणातच होते, घरात लॅपटॉप आला होता. लॉगिन केलं, आणि खरंच सगळं जसंच्या तसं. तीच गाणी, तीच गाई मारायची जागा, करमजाचा तोच धक्का. तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. मला गेमचाच राग आला, की जुना म्हणून दिला आणि जुन्यासारखा वाटत नाही!

तेव्हा पाहुण्यांच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर एक यादी केली: कुडाळातलं नेमकं काय आठवतंय? सात गोष्टी निघाल्या. शेजारच्या कॉम्प्युटरवरची मैत्रीण, जी आता पनवेलला असते. एसटी चुकेल ही धाकधूक. कॅफेवाल्याचा टेबलफॅन. आपण कुठे जातोय हे माहीत नसणं. सतरा वर्षांचं असणं. शेवंडाचा पिंजरा. आणि ते गाणं. या सातांपैकी कंपनीच्या हातात किती? शेवटच्या दोन. आणि त्या दोन तिने दिल्याच होत्या.

ही यादी तुम्हीही करा, कागदावरच. डोक्यातल्या डोक्यात केली तर सगळ्याचं खापर गेमवर फुटतं. यादी झाल्यावर जे कंपनी देऊ शकते त्यापुढे खूण करा. उरलेल्यासाठी पनवेलला फोन लावा. मी लावला होता, दीड तास बोललो.

आणि "जुना" म्हणून उघडलेला गेमही जुना राहिला नाही, हेही धरून चाला. २०१५मध्ये त्यात मोठा बाजार आला, २०१८मध्ये तो मोबाइलवर आला आणि २०२५मध्ये एक अख्खं नवं कौशल्य. ज्याला बदल नको आहे त्याने लोणच्याची बरणी घ्यावी. चालू गेम म्हणजे चालू स्वयंपाकघर.

आकडा मांडा, मग स्वप्न बघा

माझ्या गेममध्ये प्रत्येक कौशल्य १ ते ९९ पातळ्यांपर्यंत चढतं. नवीन माणूस ५० वर पोचतो आणि म्हणतो, अर्धं झालं! काही अर्धं झालेलं नसतं. ९९ला एकूण १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि त्याचा निम्मा टप्पा येतो ९२ वर. म्हणजे १ पासून ९२ पर्यंत जेवढं चाललात, जवळपास तेवढंच ९२ ते ९९ चालायचं. लपवलेलं काहीच नाही, तक्ता सगळ्यांसमोर असतो. पण तक्ता न बघता निघालेला माणूस ८५ वर येऊन "गेम मुद्दाम हळू केलाय" म्हणायला लागतो. मीही म्हटलंय.

आता माझा हिशोब बघा. माझा मोकळा काळ जून ते ऑगस्ट, म्हणजे ९२ दिवस. (हा ९२ आणि वरचा ९२ यांचा काही संबंध नाही, पण मला मजा वाटते.) रोज जेवणं आटपल्यावर दोन तास. एकूण १८४ तास. मी आरामात, भाताच्या कुकरकडे एक कान ठेवून खेळते, तेव्हा एखाद्या कौशल्यात तासाला साधारण ४० हजार गुण पडतात. १८४ गुणिले ४० हजार, झाले ७३ लाख ६० हजार. अगदी शून्यापासून सुरू केलं तर एका पावसाळ्यात मी ९३ पर्यंत जाते. ९९ हवं असेल तर दुसऱ्या पावसाळ्याचाही पाऊण भाग.

हे गणित केल्यावर माझ्यापुढे सरळ प्रश्न आला: दोन पावसाळे यासाठी द्यायचे आहेत का? मासेमारीच्या कौशल्यासाठी उत्तर "हो" आलं, कारण ते करताना मी वाती वळते, नणंदेशी फोनवर बोलते. खाणकामासाठी "अजिबात नाही" आलं. त्या दिवसापासून खाणकाम ६१ वर आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्या गेममध्ये पातळ्या नसतील, रँक असेल, सीझन पास असेल. पद्धत तीच. एकूण किती लागतं, माझ्या वेगाने तासाला किती होतं, माझ्याकडे तास किती. वेग मात्र स्वतःचा धरा. व्हिडिओ टाकणाऱ्यांचा वेग हा त्यांच्या पोटापाण्याचा वेग असतो.

रापण

हा भाग जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

माझ्या गेममध्ये अबिसल डीमन नावाचा राक्षस आहे. तो मारला की अबिसल व्हिप, म्हणजे एक चाबूक, मिळण्याची शक्यता ५१२ मध्ये १. माणसाचं मन याचा अर्थ असा लावतं की ५१२ मारले की चाबूक हातात. मीही तसंच धरलं होतं. ५१२ झाले, नाही मिळाला. ७०० झाले. सासूबाई तोपर्यंत माझ्या लॅपटॉपकडे संशयानेच बघायच्या. पहिल्यांदा विचारलं होतं, "ह्येचे पैशे गावतत काय गो?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला होता. पण या चाबकाचं मी सांगितल्यावर त्या एकदम माझ्या बाजूला आल्या. रोज रात्री दार लावायच्या आधी विचारायच्या, "आज काय गावला?"

"कायच नाय."

त्यांना ते लगेच समजलं, कारण त्यांचं माहेर रापणीवाल्यांचं. किनाऱ्यावरून होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते, मग दोन्ही टोकांचे दोर पंचवीस-तीस माणसं ओढतात. एखाद्या दिवशी बांगड्याने जाळं फुटायला येतं, एखाद्या दिवशी चार खेकडे आणि जेलीफिश. काल रिकामी गेली म्हणून आज भरून येईल, असं रापण ओढणारा कुणी म्हणत नाही. जाळ्याला कालचं आठवत नाही.

गेममधल्या नशिबालाही कालचं आठवत नाही. हिशोब असा: ५१२ मध्ये १ शक्यता असेल तर ५१२ वेळा मारूनही शंभरातले साधारण ३७ जण रिकाम्या हाताने बसलेले असतात. दुप्पट मारले, १,०२४, तरी १३-१४ जण रिकामेच. तिप्पट मारूनही पाच जण. शक्यता ५१२ ला १ असो, ५,००० ला १ असो, हे ३७-१३-५ चं प्रमाण तेच राहतं. पाठ करून ठेवावं असं आहे.

मला चाबूक १,३०७ व्या राक्षसाला मिळाला. शंभरातल्या आठ जणांच्या नशिबी एवढं थांबणं येतं. म्हणजे वाईट, पण गेम बिघडलाय असं म्हणण्याइतकं वाईट नाही. खेळाडूंच्या भाषेत याला "ड्राय जाणं" म्हणतात. आमच्या नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तो बाजारात विकत मिळत नाही का?" मिळतो. तेवढ्या वेळात शेवंड विकून दोन आले असते. यावर मी काही बोलले नाही.

तेव्हापासून नशिबावरचं कुठलंही काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरवते. एक, किती वेळा करून थांबायचं. तो आकडा रजिस्टरमध्ये लिहिते, आणि आला की थांबते. "आता एवढं केलंच आहे तर" हे वाक्य आलं की लॅपटॉप बंद. दोन, वस्तू मिळालीच नाही तरी ते काम करताना मला बरं वाटणार आहे का? नसेल तर नाही करायचं. तेवढ्या वेळात खोलीचे पडदे धुऊन होतात.

घोषणा म्हणजे मोहोर

जानेवारीत कलम मोहोराने भरलेलं दिसलं म्हणून कुणी पेट्या मोजत नाही. मध्ये ढगाळ हवा आहे, तुडतुडा आहे, अवकाळी आहे. गेमच्या बाबतीत मात्र ट्रेलर आला की आपण पेट्या मोजायला बसतो.

ओल्ड स्कूलमध्ये मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाने होतात. होडी चालवायचं कौशल्य, सेलिंग, २०१५मध्ये मतदानाला आलं होतं. तेव्हा ७५ टक्के मतं लागायची. तेवढी पडली नाहीत, विषय संपला. मालवणात बसून मी किती हळहळले! २०२३मध्ये तीन पर्यायांतून लोकांनी पुन्हा सेलिंगच निवडलं. आणि ते प्रत्यक्ष गेममध्ये आलं १९ नोव्हेंबर २०२५ला. पहिल्या मतदानापासून दहा वर्षं.

या दहा वर्षांत मी मनातल्या मनात काय काय बांधून ठेवलं होतं: भरती-ओहोटी असेल, उधाणाला होडी किनाऱ्याला लागणार नाही, देवबागच्या संगमावर पाणी कसं वळतं तसं काही असेल, खडकांत जाळं फाटेल. यातलं कुणीही मला कबूल केलेलं नव्हतं.

त्यात नोव्हेंबर म्हणजे आमचा ऐन हंगाम. तरी उत्साहात एका महिन्याचं सदस्यत्व घेतलं. त्या महिन्यात चारही खोल्या भरलेल्या, माझं खेळणं झालं एकूण २ तास ४० मिनिटं. सुरुवातीचा एक तराफा मिळाला, थोडी सामानाची ने-आण केली, वारा पकडायला शीड सावरायला शिकले. आणि रात्री साडेअकराला, पाय सुजलेले असताना, मी ठरवून टाकलं की सेलिंगमध्ये काही दम नाही.

सकाळी आंबोळ्या घालताना हसू आलं. दहा वर्षं वाट बघितलेल्या गोष्टीला मी दोन तास चाळीस मिनिटं दिली, तीही दमल्यावर, आणि निकाल लावला. हे म्हणजे बस लागून उलट्या करत आलेल्या पाहुण्याने खोलीत न शिरताच स्टार देण्यासारखं झालं.

म्हणून आता माझा नियम असा. घोषणा वाचताना एका रकान्यात कंपनीने स्पष्ट शब्दांत दिलेलं, दुसऱ्यात मी त्याला लावलेलं. दुसऱ्या रकान्याची जबाबदारी माझी. बदल आल्यावर पहिले तीन आठवडे मत बनवायचं नाही. दर मोठ्या बदलामागून दुरुस्त्या येतातच, त्या येऊ द्यायच्या. आणि ज्या दिवशी अंग मोडून आलंय, त्या दिवशी गेमला नावं ठेवायची नाहीत.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण द्यायला हवं, नाहीतर मी सगळ्यांना निराश व्हायलाच शिकवतेय असं वाटेल. फायनल फँटसी १४ हा गेम २०१०मध्ये आला आणि साफ आपटला. कंपनीने २०१२मध्ये तो चक्क बंद केला आणि २०१३मध्ये नव्याने बांधून पुन्हा आणला. आज तो जगातल्या मोठ्या ऑनलाइन गेममध्ये धरला जातो. त्याचे दिग्दर्शक नाओकी योशिदा उघडपणे सांगतात की मध्ये सोडा, दुसरे गेम खेळा, नवं काही आलं की परत या. एखादा खानावळवालाच "चार दिवस दुसरीकडे जेवून या" म्हणाला तर आपण त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो की नाही?

पैसे, आणि बंद पडणं

थोडक्यात. जे पैसे घालता ते खोलीच्या भाड्यासारखे धरा, घराच्या हप्त्यासारखे नाही. रात्र चांगली गेली की वसूल. मी हे महाग पडून शिकले: एका मोबाइल गेममध्ये, शेतीवाडीचा होता, दोन वर्षांत चार हजारांच्या वर घातले. कोंबड्यांसाठी रंगीत खुराडं घेतलं होतं. एका सकाळी नोटीस आली, साठ दिवसांत बंद. खुराडं गेलं, कोंबड्या गेल्या. मला वाटत होतं ते माझं आहे.

ऑनलाइन गेममध्ये तुमचं असं जवळजवळ काही नसतं. वापरायची परवानगी असते. सिटी ऑफ हीरोज ३० नोव्हेंबर २०१२ला बंद झाला, खेळाडू शेवटपर्यंत त्यात उभे होते. द क्रू या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले, आणि ज्यांनी तो पूर्ण किंमत देऊन घेतला होता त्यांनाही तो चालवता येईना. भाच्याचा पबजी तर सगळ्यांनाच आठवत असेल: सप्टेंबर २०२०मध्ये बंदी, जुलै २०२१मध्ये बीजीएमआय नावाने नवा, जुलै २०२२मध्ये तोही गायब, मे २०२३मध्ये परत. भाचा तोवर दहावी होऊन आयटीआयला गेला होता. परत आला तेव्हा त्याने आठवडाभर खेळून सोडून दिला.

मी आता सदस्यत्व फक्त जून ते सप्टेंबर घेते. ऑक्टोबरला, गाद्या उन्हात घालायच्या दिवशी, बंद करते. माझ्या गेममध्ये सदस्यत्व सोडलं तरी पातळ्या जागच्या जागी राहतात, फुकटच्या जगात थोडंफार फिरताही येतं. तुमच्या गेममध्ये सोडल्यावर काय उरतं ते आधी तपासा. काहीच उरत नसेल, तर "आता सोडवत नाही" असं वाटण्यामागे गेमची गोडी किती आणि ही भीती किती, तेही बघा.

आपल्या हवेचा अंदाज घ्या

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते. गाड्या हळू धावतात, सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी बोंब मारत नाही. आपलंही एक पावसाळी वेळापत्रक असू द्यावं.

माझ्या गेमला एक सोय आहे: तो ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. त्यामुळे सर्व्हर लांब असला तरी फार बिघडत नाही. नेमबाजीच्या गेममध्ये मात्र अंतर जीव घेतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन यायलाच ३९ मिलिसेकंद, तेही तार अगदी सरळ असेल तर. तुम्ही मालवणात बसून सिंगापूरच्या सर्व्हरवर २० चा पिंग, म्हणजे जाऊन यायला २० मिलिसेकंद, मागत असाल, तर कंपनीला कितीही पत्रं लिहा, प्रकाश काही ऐकणार नाही.

आणि वीज. तौक्ते वादळानंतर, २०२१च्या मेमध्ये, आमच्याकडे कितीतरी दिवस अंधार होता. त्यातून काही न शिकता मी त्याच जूनमध्ये "हार्डकोअर आयर्नमन" सुरू केला. या प्रकारात सगळं स्वतः मिळवायचं, कुणाशी देवाणघेवाण नाही, आणि एकदा मेलात की हार्डकोअरचा मान गेला. पाच आठवडे जपून खेळले. मग एका संध्याकाळी लढाई चालू असताना माड वाकला, तार तुटली, लाइट गेली. लढाईच्या मध्ये कनेक्शन तुटलं तरी तुमचं पात्र लगेच बाहेर पडत नाही, थोडा वेळ तिथेच उभं राहून मार खातं. मी मेणबत्ती शोधत होते आणि तिकडे मी मरत होते.

चूक कोणाची? गेमची नाही, माडाचीही नाही. जूनमध्ये कोकणात असला खेळ मांडायचाच नव्हता.

गेममधल्या माणसांबद्दलही असंच. माझ्या क्लॅनमध्ये, म्हणजे गेममधल्या आमच्या गटात, एके काळी तीसजण होते. आता दिसतात चार: फिलिपिन्सची एक नर्स, नाशिकचा एक मुलगा, आणि दोघे ज्यांचा देश मला अजून कळलेला नाही. कुणी न सांगता गेलं की पूर्वी मला लागायचं. आमच्याकडेही सलग पाच वर्षं येणारे पाहुणे सहाव्या वर्षी येत नाहीत. मुलं मोठी होतात, गुडघे दुखतात, किंवा गोवा आवडायला लागतो. आले की त्यांच्यासाठी वडे-सागोती करायची.

रजिस्टरचं मागचं पान

एवढं सगळं रोज कोण लक्षात ठेवणार? म्हणून १ जूनला एकदाच बसते. हंगामाचा हिशोब मिटला की रजिस्टर उलटं करते आणि मागच्या पानावर त्या पावसाळ्याचं लिहिते. जास्तीत जास्त चार ओळी. ३१ ऑगस्टला त्यांपुढे झालं-नाही झालं एवढंच. मधल्या काळात लॉगिन करायच्या आधीच चिडचिड होत असेल, किंवा खेळण्यापेक्षा गेमबद्दलचं वाचण्यातच जास्त वेळ जात असेल, तर पान उघडून बघते. बहुतेक वेळा सापडतं की मी पानावर नसलेलंच काहीतरी मागत होते.

या वर्षीच्या ओळी आत्ताच लिहून ठेवल्यात, कारण शेवटचे पाहुणे उद्या निघतील:

सेलिंग, तराफ्यापासून. रोज दीड तास, निकाल २१ जूननंतर.
मासेमारी ९४ वरून जिथवर जाईल तिथवर.
हार्डकोअर नाही. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली तरी नाही.
तीन नंबरच्या खोलीची पन्हाळ.

सासूबाईंनी पान वाचलं. सेलिंग म्हणजे काय विचारलं. होडी चालवायची, म्हटलं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, आमची होडी झापांनी शाकारून ठेवली आहे तिकडे, आणि मग म्हणाल्या, पन्हाळ आधी.